कर्जत-खालापूर कोरडं नाही

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात गुंठ्यांनी जमीन घेणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो. नर्सरीवाला देतो, बागेचं काम घेणारा ठेकेदार देतो, शेजारच्या प्लॉटचा मालक तर आपल्या कंपाउंडकडे बोट दाखवून देतो. ऑस्ट्रेलियन झाडं लावा. आकेशिया, निलगिरी, सिल्व्हर ओक, बॉटलब्रश. पाणी मागत नाहीत, गुरं तोंड लावत नाहीत, कीड पडत नाही, दोन-तीन वर्षांत आडोसा होतो आणि एप्रिल-मेमध्ये अख्खा डोंगर करपलेला असताना आपला प्लॉट तेवढा हिरवा दिसतो. परदेशी बागांची पुस्तकं चाळलेली मंडळी आणखी पुढे जातात. माणसांची वस्ती असलेल्या खंडांत ऑस्ट्रेलिया सर्वांत कोरडा, तिथल्या झाडांनी दुष्काळ पचवलेला आहे, आपलंही हवामान तापत चाललं आहे, तेव्हा उद्याची बाग त्याच झाडांची, असं त्यांचं म्हणणं.

यातलं एकेक विधान सुटं घेतलं तर बहुतेक खरं आहे. म्हणूनच हा सल्ला लोकांना पटतो आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ही झाडं इथे जगत नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यातली काही उत्तम जगतात. ज्या गुणांची जाहिरात करून ती विकली जातात, त्या गुणांचीच या दोन तालुक्यांत किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत झाड लावणारा मोजत नाही, त्याच्या आजूबाजूचे मोजतात, हा माझा आक्षेप आहे.

आधी हवामानाचं पाहू. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. याच तालुक्यातल्या माथेरानवर त्याहून कितीतरी अधिक. खालापूरची गोष्ट वेगळी नाही. ज्या पर्थच्या बागांचे फोटो दाखवून हा सल्ला दिला जातो, तिथे सबंध वर्षात सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. याला कोरडं हवामान म्हणायचं असेल तर ओलं कशाला म्हणायचं?

मार्चमध्ये जमीन पाहायला आलेल्या माणसाला मात्र सगळं कोरडं दिसतं, आणि त्याचं ते दिसणं खोटं नसतं. पाऊस चार महिन्यांत उरकतो. खाली काळा कातळ आहे. पाणी धरून ठेवायला त्यातल्या भेगा आणि वरचा कुजलेला पातळ थर एवढीच जागा. दिवाळीनंतर ओहोळ आटू लागतात आणि होळीच्या सुमारास वरच्या वाड्यांच्या विहिरी तळ दाखवतात. उल्हास, पेज, पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यातही वाहताना दिसतात, कारण टाटांच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी त्यांना मिळतं. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्यावरच्या तलावांतलं हे पाणी खाली येतं म्हणून राजनाला या कालव्याखालच्या गावांत उन्हाळी भाताची हिरवीगार खाचरं दिसतात. त्याच दिवसांत तिथून दिसणाऱ्या डोंगरावरच्या ठाकूरवाडीतल्या बाया हंडे घेऊन खाली उतरत असतात.

तेव्हा इथे झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. जुलैत मुळाशी तुंबलेलं पाणी सोसायचं आणि मेमध्ये भट्टीसारखा तापलेला कातळ. नुसता दुष्काळ सोसणारी झाडं पहिल्याच परीक्षेत जातात. बँक्सिया, कांगारू पॉ यांसारखी नैऋत्य ऑस्ट्रेलियाची नावाजलेली बागझाडं वाळूत, हिवाळी पावसावर वाढलेली. ओल्या आणि उबदार जमिनीत मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा हा त्यांचा मोठा शत्रू. आपल्या सुपारीवर पावसाळ्यात येणारा कोळे रोग याच गटातल्या रोगकारकामुळे होतो, म्हणजे तो आपल्या हवेत मुक्कामालाच आहे. शिवाय बँक्सियासारख्या झाडांची मुळं अतिशय कमी स्फुरद असलेल्या जमिनीला सरावलेली. सवयीने टाकलेलं डीएपी त्यांना विष ठरतं. हौसेनं महागडी रोपं आणून पहिल्या श्रावणात ती गमावणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं, पण त्यात नुकसान त्यांच्या खिशाचं. ते माझं मुख्य भांडण नव्हे.

भांडण आहे ते इथे टिकणाऱ्यांशी. आपण आकेशिया म्हणतो ती ऑस्ट्रेलियन बाभूळ मूळची उत्तर ऑस्ट्रेलियाची आणि न्यू गिनीची. तो प्रदेश मान्सूनचा. डार्विनच्या बाजूला चार-पाच महिने धो धो पाऊस आणि मग लांबलचक उघडीप. तिला कर्जत परकं वाटायचं कारणच नाही. पाऊस तोच, उन्हाळा तोच. नाहीत ते फक्त तिला मायदेशात खाणारे, पोखरणारे, आवरणारे जीव.

याचा अर्थ काय होतो हे समजायला ऑस्ट्रेलियाच्याच एका जखमेकडे पाहावं. आपली बाभूळ, गुराख्यांच्या कुंपणाची, नांगराच्या लाकडाची, डिंकाची बाभूळ, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला क्वीन्सलंडमध्ये नेली गेली. मेंढ्यांना सावली आणि चारा होईल म्हणून तिथल्या सरकारी कृषी खात्यानंच पुढे ती लावायला उत्तेजन दिलं. काटक होती, पाणी मागत नव्हती, उजाड गवताळ मैदानावर सावली देत होती. अगदी हेच गुण. आज ती तिथल्या लाखो हेक्टर गवताळ प्रदेशात काटेरी रान होऊन पसरली आहे, आणि १९९९ साली ऑस्ट्रेलियानं राष्ट्रीय महत्त्वाच्या वीस तणांची पहिली यादी केली तेव्हा आपली बाभूळ त्यात होती. तिला खाणारे किडे शोधायला तिथले शास्त्रज्ञ भारतात आले, कारण इथे बाभळीला आवर घालणारी सगळी व्यवस्था जागेवर होती. शेंगांतल्या बिया पोखरणारे भुंगे, पानं कुरतडणाऱ्या अळ्या, पाला ओरबाडणाऱ्या शेळ्या, जळणासाठी कुऱ्हाड चालवणारी माणसं. ही व्यवस्था मागे राहिली आणि झाड तेवढं पुढे गेलं.

बाभळीचा दोष नाही, तसा आकेशियाचाही नाही. पण नर्सरीवाला ‘कीड पडत नाही’ असं अभिमानानं सांगतो तेव्हा तो नेमकं काय सांगत असतो हे ऐकून घ्या. या झाडावर इथलं काहीच जगत नाही, असा त्याचा अर्थ. अळी नाही म्हणजे फुलपाखरू नाही, आणि पिलांना अळ्या भरवणारा पक्षीही तिकडे फिरकणार नाही. ऐनावर टसरचा किडा वाढतो, पांढऱ्या कुड्यापासून करंजापर्यंत प्रत्येकाच्या पानावर कुणाची ना कुणाची अळी असते. पानाला भोक पडलेलं दिसलं की फवारा आणणाऱ्या माणसाला बाग नको आहे, त्याला पडदा हवा आहे.

‘पाणी मागत नाहीत’ या विधानावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण सगळा सल्ला त्यावर उभा आहे.

झाड माळ्याकडे पाणी मागत नाही, याचा अर्थ ते पाणी पीत नाही असा होत नाही. पानं हिरवी असतील आणि ऊन असेल तर त्या पानांतून वाफ जातच राहणार. ती वाफ कुठून तरी यायला हवी. पाइपातून येत नसेल तर जमिनीतून येते. एप्रिलमध्ये वरची जमीन ठणठणीत कोरडी असताना जे झाड भरगच्च पानांनिशी उभं आहे ते खालच्या भेगांत उरलेल्या ओलीवर उभं आहे. आणि ती ओल प्लॉटच्या सातबाऱ्याला बांधलेली नसते. खालच्या अंगाला कुणाची तरी विहीर असते, एखादा झरा असतो, वाडीचा डवरा असतो.

आपल्या डोंगरावरचं रान नेमकं याच काळात पानं टाकतं. पळस, सावर, पांगारा, ऐन, किंजळ, कुंभा, मोह, बहावा सगळे आपापल्या वेळेनं मोकळे होतात. टंचाईच्या दिवसांत खर्च आवरणाऱ्या जाणत्या घरासारखं हे रान वागतं, आणि त्यामुळे खालच्या झऱ्यात मेपर्यंत थोडं पाणी राहतं. सदाहरित झाडं आपल्याकडेही आहेत, पण ती कुठे उगवतात ते पाहा. जांभूळ ओहोळाकाठी, करंज नदीच्या थडीला, उंबर पाण्याच्या जागी. उघड्या उतारावर वर्षभर हिरवं राहण्याची चैन इथलं झाड करत नाही. माथ्यावरच्या उथळ जमिनीत रांगेनं सदाहरित, घनदाट पानांची झाडं लावणं म्हणजे त्या उतारावर बारमाही पंप बसवणं आहे.

निलगिरी विहिरी आटवते, हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं आणि माझी सगळी मदार त्यावर नाही. जास्त पावसाच्या भागात परिणाम कमी, कमी पावसाच्या भागात जास्त, जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळा, हे मान्य. पण हा वाद हवेतला नाही. १९८३ साली तुमकूर जिल्ह्यात रयत संघाच्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या नर्सरीतली निलगिरीची रोपं उपटली होती, आणि २०१७ साली कर्नाटक सरकारनं निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेनं १९९५ पासून एक मोठा सरकारी कार्यक्रम चालवला आहे. ऑस्ट्रेलियन बाभळी आणि निलगिरी पाणलोटांतून तोडून काढायच्या, हजारो गरिबांना त्यात रोजगार द्यायचा, आणि त्यातून मिळणारं उत्पन्न म्हणजे नद्यांना परत मिळणारं पाणी. तिथेही ही झाडं कुणीतरी काटक म्हणूनच आणली होती.

यावर उत्तर येतं की आमच्या प्लॉटवर दुसरं काही येतच नव्हतं. नुसता मुरूम होता, ओसाड होता.

तो ओसाड कसा झाला ते बघायला हवं. विक्रीला निघण्याआधीचा या भागातला एखादा माळ पाहा. उन्हाळ्यात गुडघाभर वाळकं गवत, करवंदीच्या जाळ्या, मधूनमधून ऐनाचे बुंधे. हे बुंधे कापून कापून गाठाळलेले असतात, कारण पिढ्यानपिढ्या त्यांच्या फांद्या राबासाठी तोडल्या गेल्या आहेत. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पसरून जाळायच्या. फांदी तोडली की ऐन पुन्हा फुटतो. जमिनीवर वीतभर दिसणाऱ्या खुंटाखाली जुनं, खोल, जिवंत मूळ असतं. करवंदीच्या जाळीत हात घालून पाहिलं तर शेळीला पोचता न आलेली दोन-चार पोरं तिथे वाढत असतात. एखादा कुसुम, एखादी बोर, बोटाएवढा खैर. पहिल्या पावसानंतर याच मातीतून शेवळं वर येतात, कवळा येतो, टाकळा येतो, भारंगी फुटते.

मग जेसीबी येतो. जागा ‘साफ’ करून देणं हा प्लॉट विकण्याच्या कामाचाच भाग असतो. खुंट उपटले जातात, जाळ्या ढकलून एका कडेला जाळल्या जातात, उतार कापून टप्पे काढले जातात, वरची वीतभर माती भरावाखाली जाते आणि तळातला पिवळा मुरूम वर येतो. चार दिवसांत तो माळ शेकडो वर्षांची मुळं, बिया, कंद गमावतो. त्यानंतर तिथे उभं राहून म्हणायचं, इथे काही येत नाही, ऑस्ट्रेलियन झाडच लावा. आधी जखम करायची आणि मग त्या जखमेवर जे झाड तगतं त्याचं कौतुक करायचं, हे मला मान्य नाही. गोव्यात खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर हीच ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली, कारण त्या ढिगाऱ्यांवर खरोखरच काही उरलेलं नव्हतं. कर्जतचा माळ म्हणजे खाणीचा ढिगारा नव्हे. त्याला तसं आपण करतो आहोत.

ज्यांनी अजून जेसीबी लावलेला नाही त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरापुरती आणि वाटेपुरती जागा मोकळी करा, बाकीची दोन पावसाळे नुसती राखा. गुरं आत येणार नाहीत असं बघा, मार्गशीर्ष-पौषात कडेनं गवत कापून जाळरेषा काढा, वणवा आत शिरू देऊ नका. खुंटांतून फूट येईल. प्रत्येक खुंटाच्या पाच-सहा फुटींतल्या एक-दोन सरळ ठेवून बाकीच्या विळ्यानं काढल्या की त्यांची झाडं होतात. रोप विकत घेऊन लावलेल्या झाडापेक्षा ही फूट झपाट्यानं वाढते, कारण तिच्याखाली मूळ तयार असतं. ‘देशी झाडं सावकाश वाढतात’ हा आक्षेप खुंट उपटून टाकलेल्या जमिनीवरच खरा ठरतो.

जमीन सुधारते, नत्र वाढतं, असंही सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियन बाभूळ शेंगावर्गातली, तिच्या मुळांवर गाठी असतात, नत्र बांधलं जातं, हे खरं. पण नत्र बांधणं ही काही ऑस्ट्रेलियाची मक्तेदारी नाही. करंज, खैर, पांगारा, शिरीष ही सगळी आपली झाडं तेच काम करतात. फरक खाली पडणाऱ्या पाल्यात आहे. आकेशियाची पानं म्हणून आपण ज्याकडे पाहतो ते खरं तर चपटे झालेले देठ असतात, चिवट, चामड्यासारखे, कोयत्याच्या आकाराचे. डोंगरावरच्या जुन्या लागवडीत शिरून जानेवारीत त्यांचा थर उकरून पाहा. वर करकरीत वाळलेले, खाली गेल्या वर्षीचे, त्याखाली त्याच्या आधीचे, अजून ओळखू येण्याजोगे. त्या थरातून गवत वर येत नाही, कंद फुटत नाहीत, आणि वणव्याच्या दिवसांत हाच थर जळण होऊन बसतो. तेवढं करून त्याच थरात आकेशियाची स्वतःची रोपं मात्र उगवलेली दिसतात. तिची शेंग वळते, उकलते आणि काळी बी नारिंगी-पिवळ्या तंतूला लटकून राहते. तो तंतू पक्ष्यांना आवडतो आणि बी कुंपणापलीकडे जाते. अमेरिकेतल्या फ्लोरिडानं हे झाड आक्रमक वनस्पतींच्या पहिल्या वर्गात टाकलं आहे. माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणसंवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे; त्या डोंगराच्या पायथ्याशी अशा बिया सोडणारं झाड हौसेनं लावणं मला अक्षम्य वाटतं.

हे सगळं सामाजिक वनीकरणानं सुरू केलं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. १९८०च्या दशकात जळणाचा खरोखर तुटवडा होता, डोंगर उघडे पडले होते, लावलेलं रोप गुरांपासून वाचवायला माणसं नव्हती. गुरं न खाणारं, लवकर जळण देणारं झाड निवडणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्यापुढे सरपणाचा प्रश्न होता. आज मुंबई-पुण्याहून शनिवारी येणाऱ्या, कुंपण घालायची, माळी ठेवायची, ठिबक टाकायची ऐपत असलेल्या मालकापुढे तो प्रश्न नाही. तरीही त्याच झाडाची निवड होते तेव्हा निमित्त संपलेलं असूनही सवय चालू राहिलेली असते. (सुबाभळीलाही लोक याच यादीत ऑस्ट्रेलियन म्हणून घालतात. ती मेक्सिकोकडची. पण तिच्या बिया पसरण्याची तक्रार अगदी रास्त आहे.)

मग चिंच आफ्रिकेची, काजू आणि मिरची अमेरिकेची, ती उपटायची का, असा प्रश्न हमखास येतो. नाही. परकं म्हणून मी कुणालाही हाकलत नाही. काजूनं कोकणात घरं उभी केली. गिरिपुष्पाचा पाला शेतकरी भातात घालतात, तेही मेक्सिकोकडचंच. दारातला एखादा बॉटलब्रश फुलला की शिंजीर त्यावर येतो, निलगिरीच्या फुलोऱ्यावर मधमाश्या जातात, हे मी पाहतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनांचा विचार वेगळा करावा लागेल. मी झाडाला विचारतो ते एवढंच, की तू इथे कुणाच्या उपयोगी पडतोस आणि कुणाचं हिरावून घेतोस? चिंचेला या प्रश्नाचं उत्तर आहे. डोंगरउतारावर रांगेनं उभ्या केलेल्या आकेशियाच्या भिंतीला नाही.

उपयोगाचा हा प्रश्न नेरळ किंवा कर्जतच्या बाजारात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन विचारावा. पाऊस जेमतेम पडलेला असतो. कातकरी आणि ठाकूर बाया रस्त्याच्या कडेला पळसाच्या पानांवर शेवळांच्या जुड्या मांडून बसतात, आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं देतात. शेवळं घशाला खाजतात, ती खाज काकडांच्या आंबटपणानं मारायची असते, म्हणून दोन्ही एकत्रच विकतात. शेवळ हा रानातल्या सावलीत, कुजलेल्या पाल्यात वाढणारा कंद. काकड हे मोठं पानगळीचं झाड. एक जुडी बाजारात यायला खालची माती आणि वरचं झाड दोन्ही शाबूत लागतात. जिथे जेसीबी फिरला आणि आकेशिया उभा राहिला तिथून ही जुडी येत नाही. मोह गेला की फुलं आणि बियांचं तेल गेलं, करवंदी गेली की वैशाखातली टोपली गेली. शेतघराच्या बागेचा हा खर्च कुठल्याच ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये नसतो.

दिसण्याचा मुद्दा राहिला, आणि तो मी हलका मानत नाही. बाग डोळ्यांसाठीच असते. पण कर्जतचं देशी रान उन्हाळ्यात बोडकं असतं ही तक्रार रान न पाहिलेल्याची आहे. माघात सावर लाल होते, पाठोपाठ पांगारा आणि पळस. फाल्गुनात कुसुमाला येणारी पालवी तांब्याच्या रंगाची असते आणि लांबून झाड फुललं आहे असंच वाटतं. चैत्रात कुंभ्याची मोठी, पांढरट, पुंकेसरांनी भरलेली फुलं येतात, करंज नव्या पोपटी पानांनी चमकतो, बहावा पिवळा लोंबू लागतो, ताम्हण जांभळा होतो. ताम्हण तर महाराष्ट्राचं राज्यफूल. ते ओहोळाकाठी ओलीत लावावं. कुडा पांढरा होईपर्यंत मृगाचे ढग येतात. बारा महिने एकाच राखी-हिरव्या रंगाचा पडदा पाहण्यापेक्षा यात डोळ्यांना जास्त मिळतं, हे मी पैजेवर सांगेन.

गुरं खाऊ नयेत ही गरज खरी आहे, आणि तिला इथलीच उत्तरं आहेत. अडुळसा आणि निरगुडी शेळी सहसा खात नाही. कुंपणाला करवंद आणि सागरगोटा मिसळून लावले तर त्यातून बकरीच काय, माणूसही जात नाही. मोठ्या झाडांत करंज आणि कुडा यांना जनावरं टाळतात. हे लोक विसरलेले नाहीत. वाडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाबांना विचारा, ते कुठलं झाड शेळी खाते आणि कुठलं नाही ते बोटांवर सांगतील. त्यांना विचारत कुणी नाही.

लावण्याची रीतही इथल्या पावसाला धरून हवी. खड्डे चैत्र-वैशाखात काढून उन्हानं तापू द्यायचे. रोप लहान घ्यायचं. सहा फुटांचं, पिशवीत मुळं गोल फिरलेलं रोप लगेच भरल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात मान टाकतं. मृगाचा पाऊस नीट लागला की लावायचं, बुडाशी पाणी तुंबणार नाही अशी मातीची उंची ठेवायची. नवरात्रानंतर कापलेलं गवत बुडाशी पसरायचं. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला थोडं पाणी, जमलं तर बुडाशी पुरलेल्या मडक्यातून. तिसऱ्या उन्हाळ्याला बहुतेक झाडं आपली आपण उभी राहतात. ऑस्ट्रेलियन झाडांनाही पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं, हे विकताना सांगितलं जात नाही.

ऑस्ट्रेलियन बागकामाचं कौतुक करणाऱ्यांनी तिथल्या लोकांनी काय केलं तेही पाहावं. इंग्लंडहून आणलेले गुलाबाचे ताटवे आणि हिरवळ तिथल्या उन्हात पाणी पिऊन संपवत होती, तेव्हा आपल्याच रानातली झाडं बागेत आणावीत म्हणून तिथल्या हौशी लोकांनी १९५७ मध्ये संस्था काढली, बिया गोळा केल्या, कुठलं झाड कुठल्या मातीत येतं याच्या नोंदी केल्या. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे काम. त्यांची रोपं आणून आपण त्यांच्या उलट वागतो आहोत.

आणि ज्यांच्याकडे आकेशिया आधीच उभा आहे त्यांनी एका दमात सगळं तोडू नये. एकदम उघडा पडलेला उतार पहिल्याच पावसात वाहून जाईल. शेंगा धरण्याआधी एकाआड एक झाड काढावं, लाकूड जळणाला गावात द्यावं, मोकळ्या झालेल्या उजेडात ऐन, किंजळ, करंज, बहावा लावावेत, आणि खाली उगवणारी आकेशियाची रोपं दर पावसाळ्यात उपटत राहावं. राहिलेली झाडं नवी झाडं डोक्याएवढी झाल्यावर काढावीत.

यात खरी अडचण रोपांची आहे. कर्जत-खालापूरच्या रस्त्याला नर्सऱ्यांची रांग आहे. तिथे फॉक्सटेल पाम शेकड्यांनी मिळतो, ऐनाचं रोप मागितलं तर माणूस चेहऱ्याकडे बघत राहतो. मागणी नाही म्हणून रोप नाही, रोप नाही म्हणून कुणी लावत नाही. हे चक्र तोडायला नर्सरीवाल्याकडे आदल्या वर्षी जाऊन पन्नास ऐन, पन्नास कुसुम अशी आगाऊ रक्कम देऊन नोंदणी करावी लागेल, आणि ती शेतघरवाल्यांनी दहा-दहा मिळून केली तर कुठलाही नर्सरीवाला नाही म्हणणार नाही. बिया गोळा करणारे हात इथल्याच वाड्यांत आहेत. ऐनाची पाच पंखांची फळं उन्हाळ्यात झाडाखाली पडतात, करंजाच्या शेंगाही त्याच दिवसांत. बहाव्याची बी गरम पाण्यात भिजवून ठेवावी लागते. मोहाची पावसाच्या तोंडावर पडते आणि ती साठवून चालत नाही, ताजीच पेरावी लागते. ज्या बाईला हे सगळं माहीत आहे, तिला किलोमागे योग्य भाव आधी ठरवून द्यावा आणि पैसे बी हातात पडताच द्यावेत.